बाई, एक शंका : बिळातलं कासव आणि चौथी ‘ब’

या महिन्यात पत्रं उघडली तर पाचांपैकी चारांत कासव. पाचव्यात वाळवंट, म्हणजे तेही कासवाच्याच शेजारचं. मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की अमेरिकेत एक कासव बिळातून बाहेर कधी येणार यावर शाळेतली मुलं अंदाज बांधतात. तेवढ्या एका वाक्याचा हा पसारा. मागच्या खेपेला मी परसबागेतल्या मातीवर अडीच पानं लिहिली होती, त्यावर एक पोस्टकार्डही आलं नाही. असो. कासव तर कासव.

बाई, मी हडपसरच्या एका मराठी शाळेत चौथी ‘ब’ला शिकवते. वर्गात ४८ मुलं. वाळवंटातले प्राणी विचारले की सगळी एका सुरात ‘उंट’ म्हणतात आणि गप्प बसतात. तुम्ही लिहिलेल्या त्या कासवाबद्दल सविस्तर सांगाल का? आमच्या शाळेत तसं काही करायचं तर कासव कुठून मिळेल? स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाला कासवाचा पोशाख घालून उभं करावं असंही मनात आहे.
– एक शिक्षिका, हडपसर

कासव मिळणार नाही, आणि मिळालं तरी आणू नका. हे आधी सांगून टाकते, कारण उत्तर लांबणार आहे आणि पुढचं वाचायच्या आत तुम्ही कुणाला तरी फोन लावाल.

आता ते कासव. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं लास व्हेगास हे शहर मोजावे नावाच्या वाळवंटात वसलंय. जुगाराच्या दिव्यांच्या झगमगाटात हे कुणाच्या लक्षात राहत नाही. तिथल्या क्लार्क काउंटीनं (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा) एका खऱ्याखुऱ्या वाळवंटी कासवाला नाव दिलंय, मोजावे मॅक्स. स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह नावाच्या बागेत त्याची राखीव जागा आहे. थंडी सुरू होताना तो बिळात जातो आणि वसंतात कधीतरी बाहेर येतो. काउंटीतल्या शाळांतल्या मुलांनी सांगायचं, तो कोणत्या तारखेला, किती वाजून किती मिनिटांनी बाहेर पडेल. ज्याचा अंदाज सगळ्यांत जवळचा, तो जिंकला. सन २००० पासून हे चालू आहे. कासवाचा पोशाख घातलेला एक मॅक्स शाळाशाळांतून फिरतोही, पण तो बोलका. खरा मॅक्स बिळात.

या खेळातली गंमत बघा. २००५ साली मॅक्स १४ फेब्रुवारीला सकाळी ११ वाजून ५५ मिनिटांनी बाहेर आला. २०२३ मध्ये त्यानं २४ एप्रिलची दुपार उजाडू दिली, ३ वाजून ४० मिनिटं. म्हणजे एका वर्षी लवकर, दुसऱ्या वर्षी ६९ दिवस उशिरा. बिळाच्या तोंडाशी ऊन किती, माती किती तापली, रात्री अजून गार आहेत का, हे सगळं त्याच्या अंगाला कळतं. मुलांना ते कळण्यासाठी जुन्या तारखा मांडाव्या लागतात, तापमानाचे आकडे बघावे लागतात, दिवस कधी मोठा व्हायला लागतो ते शोधावं लागतं. भूगोल, गणित, विज्ञान, तिन्ही तासांचं काम एका झोपलेल्या प्राण्यानं केलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उत्तर बाईंनाही माहीत नाही! मी ३१ वर्षं शिकवलं. मुलांच्या डोळ्यांत खरी चमक मी फार थोड्या वेळा पाहिली, आणि त्या बहुतेक वेळी ‘मलाही माहीत नाही, बघू या’ असं मी म्हटलेलं होतं.

हे सगळं नुसत्या हौसेपोटी नाही झालेलं, हेही मुलांना सांगा. चौथीच्या मुलांना कळतं. १९९० मध्ये मोजावेतलं हे कासव अमेरिकेच्या कायद्यानं संकटात असलेलं म्हणून जाहीर झालं. इकडे शहर तर भराभर वाढत होतं. बांधकाम थांबवायचं की कासव मरू द्यायचं, असा पेच. त्यातून तोडगा निघाला तो असा, की कासवाच्या मुलखात जो बांधकाम करेल त्यानं एकरी ५५० डॉलर भरायचे आणि त्या पैशातून इतरत्र कासवाची आणि त्याच्या शेजारपाजारच्या जीवांची राखण करायची. मॅक्स हा त्या योजनेचा चेहरा. हा तोडगा पुरेसा आहे का, यावर मी भांडू शकते. पण निदान चेहरा तरी आहे. आपल्या पुण्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, बीडीपी म्हणतात ते. कागदावर नकाशा आहे, हद्दी आहेत, वाद आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत. पण त्या टेकडीवर राहणारा एखादा प्राणी सांग म्हटलं तर मुलं मोर म्हणतात आणि मोठी माणसं फ्लॅटचा भाव सांगतात.

आता कासव का आणू नका, ते.

नोकरीच्या सहाव्या वर्षी एका पालकांनी मला चांदणी कासव आणून दिलं होतं. पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतात ते. कुठून आणलं हे मी विचारलं नाही, ही पहिली चूक. प्रयोगशाळेत खोक्यात वर्तमानपत्र अंथरून ठेवलं. मुलं पोळी, दुधात भिजवलेला पाव, काय वाट्टेल ते घालायची, आणि मला त्यातलं काही गैर वाटलं नाही. डिसेंबरात त्यानं खाणं सोडलं. मी पुस्तकातलं वाचलेलं होतं, त्यामुळे मुलांना ऐटीत सांगितलं, ‘ही शीतनिद्रा. त्याला उठवू नका.’ मुलं इतकी शहाणी, की मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या दारापाशी बूट काढून हळू चालायची. आठवडाभरानं शिपाईमामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बाई, वास येतोय.’ ते झोपलेलं नव्हतंच. पुण्याच्या थंडीत चांदणी कासव मंदावतं, पण मोजावेतल्या कासवासारखं महिनोन् महिने बिळात पडून राहत नाही. ते आजारी होतं, आणि मी ४० मुलांना आठवडाभर एका मेलेल्या प्राण्याभोवती चवड्यांवर चालवलं. ही गोष्ट मी आजवर फार जणांना सांगितलेली नाही.

तेव्हा कासव नको. युक्ती मात्र घ्या. तिकडे थंडीत झोपून उन्हानं उठणारा प्राणी आहे. आपल्याकडे उलटा हिशेब. आपल्याकडे जे दडतं ते उन्हाळ्यात दडतं आणि पावसानं उठतं. मोठा पिवळा बेडूक, ज्याचे नर पावसाच्या तोंडावर हळदीसारखे पिवळेधमक होतात, तो कोरड्या दिवसांत मातीत गाडून घेतो. शेतातल्या डबक्यांत राहणारं मऊ पाठीचं कासव डबकं आटलं की चिखलात रुतून बसतं. पण तुमच्या ४८ मुलांसाठी मी तिसराच उमेदवार सुचवते, मृगाचा किडा.

लाल मखमलीचा. पहिला पाऊस झाला की मातीतून वर येतो आणि चारसहा दिवसांत दिसेनासा होतो. वर्षातला बाकी सगळा काळ जमिनीखाली. मुलांना पहिलं काम द्या, पाय मोजायचं. सहा म्हणाली तर पुन्हा मोजायला लावा. आठ आहेत. नावात किडा असला तरी तो कीटक नाही, कोळ्या-विंचवांच्या गोतावळ्यातला आहे. आपल्या आज्यांना तो माहीत होता, संस्कृतात त्याला इंद्रगोप असं झकास नाव आहे, आणि आपल्या मुलांना मात्र नेवाडातलं कासव माहीत. (यात मीही आले. ते वाक्य मीच लिहिलं होतं.)

अडचण एकच. मृग लागतो ७-८ जूनला, आणि आपल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. पण मला तर ही सोयच वाटते. एप्रिलमध्ये सुट्टी लागायच्या आधी प्रत्येकाकडून एक चिठ्ठी घ्या, तारीख आणि वेळ लिहिलेली. वेळ म्हणजे तास आणि मिनिट, नुसतं ‘सकाळी’ नाही. चिठ्ठ्या डब्यात घालून डबा लाखेनं बंद करा, मुलांसमोर. सुट्टीत कुणी गावी जाईल, कुणी इथेच राहील. जिथे जो पहिला किडा दिसेल तिथली तारीख, वेळ आणि जागा वहीत. हडपसरचा वेगळा, बार्शीचा वेगळा, महाडचा वेगळा. जूनमध्ये डबा फोडायचा. अंदाज करण्यासाठी मागच्या वर्षांच्या पावसाच्या तारखा लागतील. शिवाजीनगरच्या हवामान खात्याला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात हेही या निमित्तानं मुलांना सांगा, कारण उन्हाळ्यात सरकार सिमल्याला जायचं आणि हे खातंही तिकडचंच, १९२८ मध्ये पुण्यात आलं. आणि एक प्रश्न उत्तर न देता सोडून द्या : मेमध्ये वळीव पडतो, तेव्हा मृगाचा किडा फसतो का?

नियम दोनच ठेवा. किडा काडेपेटीत घालायचा नाही. आमच्या पिढीनं घातले, रंग बघायला म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी काडेपेटीत सुकलेला लाल ठिपका उरायचा. आणि खोटी नोंद करणाऱ्याला शिक्षा नाही, फक्त ‘कुठे दिसला ते दाखव’ एवढंच म्हणायचं. हा दुसरा नियम फार कामाचा आहे.

पोशाखाबद्दल. जरूर करा, पण त्याच्या तोंडी काय देता ते बघा. आमच्या संमेलनात एकदा कासव केलं होतं, थर्माकोलची पाठ, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात उसाच्या रसाचा ग्लास. टाळ्या प्रचंड. आठ दिवसांनी वर्गात विचारलं, वाळवंटात कासव उन्हापासून कसं वाचतं? एकमुखी उत्तर आलं, ‘गॉगल घालून.’ तेव्हापासून माझा नियम आहे की पोशाखातल्या प्राण्यानं खऱ्या प्राण्याला जमणार नाही असं काही करायचं नाही. तुमच्या कासवाला वीस मिनिटं रंगमंचाच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या बिळात नुसतं बसू द्या. मधून मधून निवेदिका विचारेल, ‘आला का?’ प्रेक्षक ओरडतील, ‘नाही!’ शेवटच्या नाचाच्या ऐन मध्यावर तो बाहेर येऊ दे. आत बसायला शांत मुलगा निवडू नका; सगळ्यांत वळवळ्या असेल तो निवडा. त्याला पाण्याची बाटली द्या आणि पाठ थर्माकोलची नको, बांबूच्या कामट्यांवर जुनी साडी ताणून करा, हवा खेळते.

मी सातवीत आहे. मॅक्सला झोपेत भूक लागत नाही का? आणि तहान? तो मरत कसा नाही? आणि तो अलार्म न लावता कसा उठतो?
– एक विद्यार्थी, कोथरूड

चार प्रश्न विचारलेस, चारही चांगले. शेवटच्याचं उत्तर वर आलंय, म्हणून तीन घेते.

आधी हे लक्षात घे, की ती आपली झोप नव्हे. तू झोपलास तरी तुझं अंग ३७ अंशांच्या आसपास गरमच राहतं, आणि ते गरम ठेवायला रात्रभर आत चूल पेटलेली असते. म्हणून सकाळी उठल्या उठल्या पोहे लागतात. कासवाच्या आत अशी चूल नाही. बाहेर जेवढं ऊन, तेवढं त्याचं अंग गरम. बीळ गार झालं की तेही गार होतं, हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास मंदावतो, सगळा खर्चच कमी होतो. खर्च नाही तर भूक कशाला? अस्वलासारखे गरम रक्ताचे प्राणी करतात ती शीतनिद्रा, आणि सरपटणारे प्राणी करतात त्याला शास्त्रज्ञ हल्ली ब्रुमेशन असा वेगळा शब्द वापरतात. वर्गात शीतनिद्रा म्हटलंस तर चालेल, पण बाईंना फरक सांगून बघ, खूश होतील. किंवा चिडतील. दोन्ही बघण्यासारखं असतं.

तहानेचं उत्तर जास्त मजेचं आहे. वाळवंटी कासव मूत्राशयात पाणी साठवतं, मोठ्या कासवात साधारण लिटरभर. पाऊस येणार असं वाटलं की ते जमिनीत उथळ खळगे उकरतं, त्यात पाणी साचतं, आणि मग पोटभर पितं. त्या साठ्यावर ते वर्षभरसुद्धा न पिता काढू शकतं. म्हणूनच तिथे रानात दिसलेलं कासव उचलायचं नाही असा दंडक आहे. घाबरलं की ते मुततं. (हसून घे.) आता विचार कर, आपल्याला फक्त फोटो हवा होता, आणि त्यानं वर्षभराची टाकी आपल्या चपलांवर रिकामी केली. पुढचा पाऊस कधी येईल कुणास ठाऊक.

‘वाळवंट’ शिकवताना माझी नात म्हणाली, ‘आजी, वाळवंट पंढरपूरला आहे ना?’ मी हसले, पण तिला नीट उत्तर देता आलं नाही. आपल्या मुलांना वाळवंटाची कल्पना यावी कशी? सगळ्यांना काही राजस्थान परवडत नाही.
– एक आजी, सहकारनगर

नात बरोबर आहे. तिच्या भाषेत वाळवंट म्हणजे चंद्रभागेचं, जिथे वारकरी नाचतात. वाळू आहे, शेजारी पाणीही आहे. चूक असेल तर ती पुस्तकाची, की त्यानं तोच शब्द जैसलमेरलाही वापरला आणि पुढे काही सांगितलं नाही. वाळवंट वाळूनं होत नाही, पाऊस नसल्यानं होतं. मोजावेचा मोठा भाग वाळूच्या टेकड्यांचा नाहीच. खडे, मुरूम, खुरटी झुडपं, दूर डोंगर. सासवडच्या पुढे उन्हाळ्यात दिसतं त्याच्या जवळपासचं.

तिला स्वयंपाकघरात न्या. एक बादली घ्या, सरळ उभ्या कडांची. पट्टी लावून १० सेंटिमीटरवर खूण करा आणि तिथपर्यंत पाणी भरा. लास व्हेगासला अख्ख्या वर्षात साधारण एवढाच पाऊस पडतो. पुण्याचा दाखवायचा तर तशा सात बादल्या भराव्या लागतील. भरू नका, नुसतं सांगा, आजकाल पाण्याच्या टँकरचे दर मला माहीत आहेत. मग म्हणा, या एका बादलीत झाड, ससा, साप, कासव, सगळ्यांचं वर्ष काढायचंय. त्यातलीही बरीचशी वाफ होऊन जाते. ती स्वतःच विचारेल, मग ते राहतात कसे? आणि इथून पुढचं सगळं आपोआप होतं. बीळ म्हणजे काय हे तिला तेव्हा कळेल. मोजावेचं कासव आयुष्याचा ९५ टक्क्यांपर्यंतचा काळ जमिनीखाली घालवतं. थंडीत थंडीपासून, उन्हाळ्यात उन्हापासून. आपण त्याला वाळवंटातला प्राणी म्हणतो. खरं तर तो वाळवंट टाळणारा प्राणी आहे.

राजस्थान नाही परवडलं तर एक दिवस काढून मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन घ्या आणि पुढे सुप्याला जा. तिथे मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, माळरानाचं. चिंकारा दिसतो. सकाळी लवकर गेलात तर हमखास म्हणण्याइतपत. तोच चिंकारा थरच्या वाळवंटातही राहतो. पाण्यावाचून बराच काळ काढतो, पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दवावर भागवतो. म्हणजे राजस्थानचा एक रहिवासी बारामतीच्या वाटेवर भेटतो, तेही डबा खाऊन संध्याकाळी घरी परत.

आणि मोजावेच्या कासवाचा थरमधला भाऊबंद हवा असेल तर तो सांडा. काटेरी शेपटीची, गवतपाला खाणारी पालीसारखी चीज. बिळात राहतो, हिवाळ्यात बिळाचं तोंड आतून मातीनं लिंपून घेतो आणि झोपतो. आपल्या लोकांना सांडा माहीत आहे तो जत्रेत आणि एसटी स्टँडबाहेर विकल्या जाणाऱ्या तेलामुळे. त्या तेलानं गुडघे बरे होत नाहीत आणि बाकी ज्या कशासाठी ते विकलं जातं तेही होत नाही. चरबीसाठी सांड्याचे फार हाल करतात. नातीला एवढं तपशीलवार सांगू नका, आजोबांना सांगा.

मुलाला कासव पाळायचंय. दुकानदार म्हणतो परदेशी आहे, कायद्याचा प्रश्न नाही. दुसरा एक जण चांदण्यांचं कासव आणून देतो म्हणतो, वास्तूला चांगलं असतं म्हणे. कोणतं घ्यावं?
– एक वडील, पिंपळे सौदागर

दुसरं आधी. चांदणी कासव भारतीय आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्याच परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहे. विकत घेणं, घरात ठेवणं, दोन्ही गुन्हा. जो ‘आणून देतो’ म्हणतोय तो वास्तुशांत करायला येणार नाही, पंचनाम्याच्या वेळी फोनही उचलणार नाही. जगभर या कासवाची चोरटी विक्री प्रचंड चालते, आणि मुख्य गिऱ्हाईक म्हणजे तुमच्यासारखी साधी, मुलाचं मन न मोडणारी माणसं.

पहिलं म्हणजे बहुधा गालावर लाल पट्टा असलेलं, नाण्याएवढं, हिरवं. तेही अमेरिकेचंच, पण पाण्यातलं. नाण्याएवढं दिसतं ते वाढून ताटलीएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, टाकी घाण करतं, आणि मग एका रविवारी कुणीतरी ते पाषाणच्या तळ्यात नाहीतर मुळेत सोडून येतं. आपण पुण्य केलं असं त्याला वाटतं. ते तिथल्या आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. आणलं असेल तर सोडू नका. नसेल आणलं तर आणूच नका.

मुलाला सांगायचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. वर माझ्या खोक्यातल्या कासवाची गोष्ट आहे, ती वाचून दाखवा. मी स्वतःच लिहिलीय, तेव्हा माझी बदनामी वगैरे होणार नाही. आणि घराच्या आसपास जखमी किंवा वाट चुकलेलं कासव सापडलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक त्याला पाठ करायला लावा. क्रमांक माहीत असलेला मुलगा सोसायटीत फार भाव खातो.

कीर्तनात ऐकत आलो की कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने पोसते. म्हणून देवाच्या कृपेला कूर्मदृष्टी म्हणतात. यात शास्त्रीय तथ्य किती?
– एक ज्येष्ठ वाचक, नारायण पेठ

दूध पाजत नाही, इथपर्यंत शंभर टक्के. पुढचं जमत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला गेलात तर बघायला मिळेल. समुद्री कासवी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या घरात अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. पिलं बाहेर येतात तेव्हा आई तिथे नसते. नजर सोडाच, पत्ताही नसतो. पिलांना पोसते ती वाळूची ऊब. आणि ती नुसती पोसत नाही. अंडी किती उबेत राहिली त्यावर पिलू नर की मादी हे ठरतं. वाळू जरा गार असली तर नर जास्त, तापलेली असली तर माद्या जास्त. मोजावेतल्या कासवांचंही तसंच. उन्हाळे असेच तापत गेले तर पुढे काय, ही काळजी त्यामुळेच आहे.

आता ज्यानं कुणी ही उपमा पहिल्यांदा दिली, त्यानं कासवी आणि तिची पिलं यांच्यात आईचं काहीच दिसत नाही हे पाहिलं असणार, तरी पिलं वाढतात हेही पाहिलं असणार, आणि मधली मोकळी जागा नजरेनं भरली. निरीक्षण अर्धं पक्कं होतं. आमच्या प्रयोगवहीत मी त्याला दहापैकी सहा दिले असते.

हे तुमच्या कीर्तनकारबुवांना मात्र सांगू नका. एकदा मी एका बुवांना उत्तररंग संपल्यावर सांगायला गेले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बुक्का लावला आणि म्हणाले, ‘बाई, तुम्ही शाळेत होतात वाटतं.’